पॅरिस ते वेरूळ : अंतर किती?

एखादे गाव किती लांब आहे असे वाटेत विचारले, तर खेड्यातला माणूस मैल सांगत नाही. “दिवस मावळायच्या आत पोचाल,” असे सांगतो. आपण शहरवासी या उत्तरास हसतो. परंतु प्रवाशाला हवे असते ते हेच. पॅरिस आणि वेरूळशेजारचे छत्रपती संभाजीनगर या दोन शहरांचे उदाहरण घेऊन हा भेद आज पाहू.

प्रथम अंतर. घरी पृथ्वीचा गोल असल्यास या दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरावा. सपाट नकाशावरील सरळ रेषेच्या बऱ्याच उत्तरेकडून, म्हणजे काळा समुद्र, कॅस्पियन समुद्र आणि इराण यांवरून तो जाईल. गोलावरील सर्वांत जवळची वाट तीच. तिची लांबी सुमारे ७,१०० किलोमीटर भरते. हा आकडा कोणत्याही शतकात तोच.

काळाचे तसे नाही. ज्याँ द तेव्हनो हा पॅरिसचा प्रवासी नोव्हेंबर १६६३ मध्ये फ्रान्सहून निघाला. दमास्कस, मोसूल, बगदाद असे करीत तो इराणात गेला. बंदर अब्बास येथे हिंदुस्थानास येणारे जहाज मिळेना. कारण डच व्यापाऱ्यांचा विरोध. तो मागे फिरला, बसऱ्यास गेला आणि १० जानेवारी १६६६ रोजी सुरतेस उतरला. सव्वादोन वर्षे उलटली होती! पुढे औरंगाबादेस येऊन त्याने वेरूळची लेणी पाहिली व त्यांचे वर्णन लिहून ठेवले.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई–लंडन जलमार्ग चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी आखूड झाला. १९२९ मध्ये लंडन–कराची विमानसेवा सुरू झाली. तिला सात दिवस लागत आणि मधला एक टप्पा आगगाडीचा असे. आज पॅरिसहून थेट विमान साधारणतः नऊ तासांत मुंबईस येते. तेथून संभाजीनगर विमानाने तासाभराचे, आणि पुढे वेरूळ सुमारे ३० किलोमीटर.

मात्र तिकिटावरील वेळा वाचताना सावध असावे. पॅरिसचे घड्याळ आपल्या मागे असते. हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. हिवाळ्यात तेथून सकाळी दहास निघून येथे रात्री साडेअकरास पोचणारा मनुष्य साडेतेरा नव्हे, नऊच तास प्रवासात असतो. परतीस मात्र वेळ अधिक लागतो, कारण उंचावरील वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. शिवाय वाटेतील एखाद्या राष्ट्राने आपले आकाश बंद केले, तर आजचे विमानही वळसा घेते. बंदर अब्बासला तेव्हनोची जी गत झाली, तिचेच हे नवे रूप.

तात्पर्य, अंतर भूमिती ठरविते. वेळ ठरवितात वारे, यंत्रे आणि राज्यकर्ते. तेव्हनो तर घरी पोचलाच नाही. परतीच्या वाटेवर इराणातील मियाने या गावी २८ नोव्हेंबर १६६७ रोजी त्याने देह ठेवला. वय अवघे ३४. त्याचा हिंदुस्थानचा वृत्तांत पॅरिसमध्ये छापला गेला तो १६८४ मध्ये. वेरूळची हकीकत पॅरिसच्या वाचकांहाती पडावयास सतरा-अठरा वर्षे लागली. वाट मात्र तेव्हाही ७,१०० किलोमीटरचीच होती.