गोष्ट कोण सांगतंय?

आज कर्ज, हप्ता आणि व्याज जरा बाजूला ठेवू या. आज बोलू गोष्टींबद्दल. आपण पोरांना रात्री सांगतो त्या, आणि त्यांच्या शाळेच्या पुस्तकात असतात त्याही.

गटांची सहयोगिनी म्हणून मी गावोगाव फिरते. बैठक संपली, चहा झाला, की बाया पोरांच्या अभ्यासाचं काढतात. एक तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. "ताई, गणित तर आम्हाला येत नाहीच, पण मराठीत पण आता विचारतात, या गोष्टीचा निवेदक कोण? हे आम्ही कुठनं सांगावं?" शब्द जड आहे म्हणून वाटतं, हे शिकलेल्यांचं काम. पण निवेदक म्हणजे काय? गोष्ट सांगणारा. रात्री अंथरुणावर पोराला थोपटत गोष्ट सांगता, तेव्हा तुम्हीच निवेदक असता. काम तुम्हाला येतंच, फक्त त्याचं पुस्तकातलं नाव नवीन आहे.

आता बघा, गोष्ट सांगणारा कुठं तरी उभा असतो. जिथं उभा असतो तिथून त्याला जेवढं दिसतं, तेवढंच तो सांगतो. आपल्या चिऊकाऊची गोष्ट घ्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस आला, शेणाचं घर वाहून गेलं. काऊ चिऊच्या दारात आला आणि चिऊ आतून एकेक काम सांगून त्याला थांबवत राहिली. ही गोष्ट सांगताना आपण कुठं असतो? दाराच्या आत, चिऊजवळ. तिनं बाळाला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, सगळं आपल्याला ठाऊक असतं. बाहेर भिजणाऱ्या काऊला काय वाटत होतं ते आपण सांगत नाही. म्हणून पोरं कायम चिऊच्या बाजूची होतात. एकदा हीच गोष्ट दाराबाहेर उभं राहून सांगून बघा. "मी काऊ. माझं घर पाण्यात गेलं..." आणि मग पोराला विचारा, आता दार उघडावं का? पोरगं विचारात पडतं. गोष्ट तीच, पण सांगणाऱ्याची जागा बदलली.

एकच गोष्ट, तीन रीती

आता मी एक छोटी गोष्ट तीन रीतींनी सांगते. आपल्या ओळखीचीच आहे. शेळी आहे, आजी आहे, नात आहे.

पहिली रीत ऐका. "मी शाळेतून घरी आले तर चंद्री दिसेना. खुंट्याला नुसतं दावं होतं. मी आजीला विचारलं, चंद्री कुठाय? आजी चुलीकडं तोंड करून म्हणाली, 'विकली.' मला रडूच फुटलं. आजीला माझी चंद्री कधी आवडलीच नाही."

इथं सोनी स्वतः बोलते आहे. 'मी, मला, माझी' असे शब्द येतात. याला पुस्तकात प्रथमपुरुषी निवेदन म्हणतात.

दुसरी रीत. "सोनी शाळेतून घरी आली. खुंट्याला नुसतं दावं होतं. तिच्या काळजात धस्स झालं. आजी चुलीपाशी बसली होती. तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. सोनीला आजीचा फार राग आला."

इथं 'मी' गेला, 'ती' आली. सांगणारा गोष्टीच्या बाहेरचा आहे. हे झालं तृतीयपुरुषी निवेदन. पण नीट बघा, हा बाहेरचा माणूस सोनीच्या खांद्याशीच उभा आहे. सोनीचं काळीज धस्स झालेलं त्याला कळतं, आजीच्या मनातलं मात्र तो सांगत नाही. म्हणजे गोष्ट 'ती' म्हणून सांगितली, तरी नजर सोनीचीच.

तिसरी रीत. "सकाळी सोनी शाळेला गेली आणि आजीनं चंद्रीचं दावं सोडलं. सुनेच्या आजारपणात घेतलेल्या कर्जाचा हप्ता उद्यावर आला होता. बाजाराच्या वाटेवर आजी दोनदा थांबली, दोनदा मागं फिरावं असं तिला वाटलं. संध्याकाळी नातीनं विचारलं तेव्हा तिनं चुलीकडं तोंड केलं, कारण डोळे भरून आले होते. सोनीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला फक्त रिकामं दावं दिसत होतं."

हा सांगणारा सोनीच्या मनात शिरतो आणि आजीच्याही. सोनी शाळेत असताना घरी काय झालं, तेही त्याला ठाऊक. सगळं जाणणारा म्हणून याला सर्वज्ञ निवेदक म्हणतात. आपल्या बऱ्याच जुन्या गोष्टी याच रीतीच्या असतात. भोपळ्यात बसून लेकीकडून परत निघालेली म्हातारी आठवा. भोपळ्यात कोण आहे ते आपल्याला ठाऊक, वाटेतल्या वाघाला नाही. मजा येते ती त्यामुळंच.

आता तिन्ही सांगण्यांत आजीचं चुलीकडं तोंड करणं बघा. पहिल्या दोन्हींत तो राग वाटतो, बेपर्वाई वाटते. तिसऱ्यात ते रडू लपवणं आहे. पहिल्या रीतीतली सोनी खोटं बोलत नव्हती. तिला दिसलं तेच तिनं सांगितलं. पण 'आजीला चंद्री आवडत नव्हती' हा तिचा अंदाज होता आणि तो चुकला. 'मी' म्हणणारा माणूस खरा असू शकतो आणि चुकलेलाही असू शकतो. पोरांना ही गोष्ट समजली, की धड्याखालचा प्रश्न सुटतोच, आणि त्यापलीकडंही बरंच काही हाती लागतं.

मग सगळं जाणणाऱ्याचीच गोष्ट चांगली का? तसं काही नाही. पहिल्या रीतीत आपण सोनीबरोबर रडतो, तेवढं तिसऱ्या रीतीत रडत नाही. कोणती रीत घ्यायची ते गोष्टीवर ठरतं.

ओळखायचं कसं?

पोराला तीन प्रश्न विचारायला शिकवा. पहिला, सांगणारा स्वतःला 'मी' म्हणतो का? दुसरा, कोणाकोणाच्या मनातलं आपल्याला कळतं? तिसरा, कोणाच्या पाठीमागं घडलेलं पण आपल्याला कळतं का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं तर प्रथमपुरुषी. 'नाही' आलं तर तृतीयपुरुषी. मग एकाच्याच मनातलं कळत असेल तर नजर त्या एकाची. सगळ्यांच्या मनातलं कळत असेल तर सर्वज्ञ. कधी कधी कोणाच्याच मनातलं सांगितलेलं नसतं. नुसतं दिसलं ते आणि ऐकू आलं ते सांगितलेलं असतं. तेव्हा मनातलं आपण ओळखायचं.

यात एक फसवी जागा आहे. पोरगं पानावर कुठंही 'मी' दिसला की प्रथमपुरुषी लिहून मोकळं होतं. पण समजा लिहिलंय, 'आजी म्हणाली, "मी बाजारात गेले होते."' इथला 'मी' आजीच्या तोंडचा आहे, निवेदकाचा नाही. त्यावर सोपा उपाय आहे. अवतरणचिन्हांतलं सगळं बोलणं बोटानं झाका आणि उरलेलं वाचा. उरलेल्यात 'मी' असेल तरच ती प्रथमपुरुषी गोष्ट.

आपली मराठी आणखी एक खूण देते. 'मी आले' म्हटलं की बाई, 'मी आलो' म्हटलं की पुरुष. सांगणाऱ्याचं नाव दिलेलं नसलं तरी क्रियापदावरून कळतं. मात्र 'मी भाकरी खाल्ली' यावरून काही कळत नाही, कारण तिथं क्रियापद भाकरीप्रमाणं चालतं. आणि कोल्हापूरकडं तर बायकाही 'मी आलो' म्हणतात. तेव्हा एका वाक्यावर निकाल लावू नये, पुढची दोन-चार वाक्यं वाचावीत.

लेखक आणि निवेदक एकच का?

हा प्रश्न पोरं हमखास विचारतात. त्याला दोन पुस्तकांचा दाखला देते.

एक आपल्या घरचं, 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि १९३५ साली ते छापून आलं. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. दरेक रात्री आश्रमातली मित्रमंडळी जमतात आणि श्याम त्यांना आईच्या आठवणी सांगतो. लेखक साने गुरुजी, आणि गोष्ट सांगणारा श्याम. जीव गुरुजींचाच आहे, आठवणीही त्यांच्या बालपणातल्याच, पण 'मी' म्हणतो तो श्याम. आणखी बारकावा बघा. मंडळी जमल्याचं सांगणारा आवाज बाहेरचा आहे, तिथं श्याम 'तो' असतो. श्याम बोलायला लागला की 'मी' सुरू होतो. एकाच पुस्तकात दोन निवेदक. शिवाय 'मी' म्हणणारा श्याम असला, तरी पुस्तक आहे आईचं. म्हणजे सांगणाराच गोष्टीतला मुख्य माणूस असतो असंही नाही.

दुसरं पुस्तक जपानचं, 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी या बाईंनी ते लिहिलं, जपानमध्ये १९८१ साली ते पुस्तकरूपानं आलं, आणि मराठीतही त्याचा अनुवाद आहे. तोत्तोचान म्हणजे लहानपणच्या त्या स्वतः. पण त्यांनी 'मी' लिहिलं नाही, 'तोत्तोचान' आणि 'ती' लिहिलं. त्यामुळं काय साधलं? पहिलीत असताना तिला शाळेतून काढून टाकलं, हे वाचणाऱ्याला पुस्तकाच्या सुरुवातीलाच कळतं. तिला मात्र कळत नाही. आई तिला एवढंच सांगते की आता नवीन शाळेत जायचं. खरं काय ते आईनं तिला विसाव्या वर्षानंतर सांगितलं. ती उड्या मारत रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या नव्या शाळेत निघते आणि आपण आईची काळजी ओळखून असतो. लहानपणीच्या 'मी'नं सांगितलं असतं, तर आईची काळजी आपल्याला दिसलीच नसती.

आपल्या कामाची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, ताई, हे शाळेचं झालं, आमचं काय? तर हेच डोळे आपल्या बैठकीतही लागतात. इतिवृत्ताच्या वहीत आपण लिहितो, 'सर्वानुमते ठरलं.' हे कोण सांगतंय? वही लिहिणारी. तिनं जणू सगळ्यांच्या मनातलं जाणलं. पण कोपऱ्यात बसलेली, हात वर न केलेली बाई त्या वाक्यात आहे का? एखादीचा हप्ता थकला की तिची गोष्ट आधी आपण सांगतो, सचिव सांगते, शेजारीण सांगते. तिची ती सांगते सगळ्यांत शेवटी, तेही कोणी विचारलं तर. पुढच्या वेळी आधी तिलाच बोलू द्या.

पण एक ध्यानात ठेवा. दुसऱ्याच्या जागेवरून बघणं म्हणजे त्याचं सगळं माफ करणं नाही. बायकोवर हात उचलणाऱ्याचीही एक गोष्ट असते. "ती उलट बोलली." तिथंही हेच विचारायचं, हे कोण सांगतंय आणि काय गाळतंय? ज्या पोरीला लहानपणी हा प्रश्न विचारायची सवय लागली, तिला पुढं कोणी सहजी गप्प करू शकत नाही. ज्या पोराला लागली, तो घरातल्या बाईचं म्हणणं ऐकून घ्यायला शिकतो.

म्हणून पुढच्या बैठकीत पोरांनाही बसवा. एक ओळखीची गोष्ट घ्या आणि तिघींनी तीन जागांवरून सांगा. एकीनं चिऊ व्हावं, एकीनं काऊ, एकीनं सगळं जाणणारी. पोरांना ओळखू द्या. वाचता येत नसलं तरी चालतं, गोष्टी आपल्याला तोंडपाठ आहेत. गोष्टी संपल्या तर शाळेच्या वाचनालयात बालभारतीचं 'किशोर' मासिक मागा. ते १९७१ सालापासून मुलांसाठी निघतंय.

शेवटचं एक सांगते. 'श्यामची आई' वाचून सगळा महाराष्ट्र रडला. पण त्यातली आई श्यामला जेवढी दिसली, जेवढी समजली, तेवढीच आपल्याला भेटते. तिनं स्वतः 'मी' म्हणून सांगितलेली गोष्ट आपल्याकडं नाही. आपल्या पोरांनाही आपण अशाच दिसतो, त्यांच्या जागेवरून. आई रागावली, आईनं पैसे दिले नाहीत, आईनं शेळी विकली. आई का थांबली, आईला काय वाटलं, हे त्यांच्या गोष्टीत नसतं, कारण आपण ते सांगत नाही. तेव्हा आज रात्री राजाराणीची गोष्ट राहू द्या. पोरांना जवळ घ्या आणि स्वतःच्या लहानपणची एक गोष्ट सांगा. सुरुवात 'मी' पासून करा.