चिकनचा बर्फ ओट्यावर सोडवू नका

गेल्या वर्षीची गोष्ट. जयंतीच्या मिरवणुकीसाठी मनमाडहून माझा भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले नाशिकला आमच्या घरी आली होती. 14 एप्रिलचा दिवस मिरवणुकीतच गेला. दुसऱ्या दिवशी चिकनचा बेत ठरला. मॉलमध्ये ऑफर होती म्हणून आणलेले फ्रोझन चिकनचे एक-एक किलोचे दोन पुडे फ्रीजरमध्ये होतेच. सकाळी आठ वाजता ते काढून मी ओट्यावर परातीत ठेवले. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याचे घर. दहा वाजता वरचे तुकडे मऊ झाले, पण मधला गोळा दगडासारखाच. बारा वाजता तो विळीवर धरून कसाबसा मोकळा केला आणि साडेबाराला फोडणीत टाकला. रस्सा चांगला तासभर उकळला. तोवर त्याच विळीवर कांदा-काकडी चिरून कोशिंबीर केली.

दुसऱ्या दिवशी रात्री माझ्या चार वर्षांच्या भाचीला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. पहाटेपर्यंत पोर मलूल झाली. दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावावे लागले. सगळ्यांना कोडे पडले, कारण रस्सा तिखट म्हणून तिने चिकनला तोंडही लावले नव्हते. तिने खाल्ली होती भाकरी, दही आणि कोशिंबीर.

डॉक्टरांनी विचारले, “कोशिंबीर कशावर चिरली होती?” मी सांगितले. “मधे विळी धुतली होती का?” “पाण्याने खळबळली होती.” ते म्हणाले, “शौचाच्या तपासणीशिवाय नेमका कोणता जंतू ते सांगता येणार नाही. पण कच्च्या चिकनचे पाणी विळीवरून कोशिंबिरीत गेले, हा रस्ता आम्ही नेहमी बघतो.”

तेव्हापासून आमच्या घरात फ्रोझन चिकनची पद्धत बदलली. आता वस्तीतल्या बहुतेक घरांत फ्रीज आला आहे, मॉलचे पुडेही येतात. म्हणून या वेळी त्याविषयीच बोलू.

“उकळले की सगळे मरते ना?”

हा प्रश्न प्रत्येक बाई विचारते, आणि तो अर्धा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की अन्न आतपर्यंत 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापले की बहुतेक घातक जंतू मरतात. उकळता रस्सा 100 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे तुकडा हाडापर्यंत शिजला, तर तुकड्यातला जंतू उरत नाही.

पण तीन गोष्टी उकळीच्या बाहेर राहतात. पहिली, चिकनचे सुटलेले पाणी. ते ओटा, विळी, फडके, नळाची तोटी आणि आपली बोटे यांना लागते आणि तिथून कच्च्या खाण्यात जाते. माझ्या घरात बहुधा हेच झाले. दुसरी, विष. स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू अन्न उबदार जागी पडून राहिले की त्यात विष सोडतो. पुढे उकळताना जंतू मरतो, पण ते विष उकळीलाही दाद देत नाही. तिसरी, काही जंतूंची बीजे. ती उकळीतूनही वाचतात आणि रस्सा रात्रभर कोमट राहिला की पुन्हा वाढतात.

दुसरा एक गैरसमज असा, की बर्फात जंतू मरतात. तसे होत नाही. उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्ये जंतू वाढत नाहीत, नुसते झोपून राहतात. बर्फ सुटला की जागे होतात.

ओट्यावर नेमके काय होते?

जंतूंना 5 ते 60 अंशांच्या मधली उब मानवते. चिकनचा गोळा ओट्यावर ठेवला की त्याचा बाहेरचा थर तास-दीड तासात या उबेत येतो, आणि आत मात्र बर्फ असतो. आपण आतल्या बर्फाकडे बघून थांबतो. तोवर बाहेर जंतूंची जत्रा भरलेली असते. चांगली उब मिळाली तर साल्मोनेलासारखा जंतू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे चार तासांत बारा वेळा दुप्पट. एकाचे चार हजारांवर होतात. म्हणून कच्चे चिकन बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि 32 अंशांच्या वर उकाडा असेल तर एक तासापेक्षा जास्त नको, असा नियम आहे. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, आणि पत्र्याखाली त्याहून वर जातो. आपल्याकडे जयंती आणि लग्नसराई नेमकी याच दिवसांत येते.

आणि वासावर जाऊ नका. वास येतो तो चिकन नासवणाऱ्या जंतूंचा. आजारी पाडणाऱ्या जंतूंना वासही नसतो, चवही नसते.

पुण्याने दिलेला इशारा

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. पुढे संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. पायांना मुंग्या येतात, बळ जाते, काहींना श्वासासाठी यंत्र लावावे लागते. तपासणीत काही रुग्णांच्या शौचात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. तिथे मुख्य संशय पाण्यावर होता. पण हा जंतू कोंबडीच्या आतड्यात नेहमी आढळतो, म्हणून पाणी उकळून प्या आणि चिकन पूर्ण शिजवून खा, असे दोन्ही सल्ले दिले गेले. या जंतूला अन्नात वाढण्याची गरजही नसते, थोडे जंतू पोटात गेले तरी पुरतात. विळी आणि हात धुण्याचे महत्त्व त्यामुळेच. घाबरून जाऊ नका, असे जुलाब झालेल्यांपैकी फार थोड्यांना जीबीएस होतो. पण जुलाबानंतरच्या काही आठवड्यांत पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बर्फ सोडवण्याच्या योग्य पद्धती

पहिली, फ्रीजमध्ये. ही सर्वांत चांगली. आदल्या रात्री पुडा फ्रीजरमधून काढून खोलगट भांड्यात ठेवा आणि भांडे फ्रीजच्या सगळ्यात खालच्या फळीवर ठेवा. वरच्या फळीवर ठेवले तर सुटलेले पाणी खालच्या दुधात, भाजीत पडते. किलोभर तुकड्यांना रात्रभर ते एक दिवस लागतो. दोन-अडीच किलोच्या आख्ख्या कोंबडीला पूर्ण दिवस धरा. असे सोडवलेले चिकन आणखी एक दिवस फ्रीजमध्ये राहू शकते.

दुसरी, थंड पाण्यात. आदल्या रात्री विसरलात तर ही करा. पुडा फाटलेला नसावा. शंका असेल तर दुसऱ्या पिशवीत घालून गाठ मारा. पातेल्यातल्या थंड पाण्यात तो पूर्ण बुडवा आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्ध्या किलोला तासभर लागतो, दीड-दोन किलोला दोन-तीन तास. यात दोन अडचणी आहेत. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी गरम असते, ते चालणार नाही. माठातले पाणी घ्या किंवा बर्फाचे खडे टाका. आणि वेळेवर येणाऱ्या नळाच्या पाण्यातले दहा-पंधरा लिटर असेच जाते. ते पाणी पुन्हा कशालाही वापरू नका, मोरीत ओता आणि मोरी धुऊन घ्या. बर्फ सुटला की लगेच शिजवा.

तिसरी, थेट पातेल्यात. तुकडे सुटे-सुटे गोठलेले असतील तर ते तसेच रस्स्यात टाकता येतात. फक्त नेहमीच्या दीडपट वेळ शिजवा आणि मोठा तुकडा हाडाजवळ फोडून बघा. आत गुलाबी रंग किंवा लालसर पाणी दिसले तर अजून शिजू द्या. एकत्र चिकटलेला गोळा मात्र असा टाकू नका. बाहेरून शिजतो आणि आत कच्चा राहतो.

मायक्रोवेव्ह असेल तर त्यातही सोडवता येते, पण काही तुकडे तिथेच गरम होऊ लागतात, म्हणून लगेच शिजवायचे.

गरम पाणी ओतणे, उन्हात ठेवणे, चुलीजवळ किंवा टीव्हीच्या मागे ठेवणे, हे सगळे टाळा. ओट्यावर किंवा पाण्यात सोडवलेले कच्चे चिकन “उद्या करू” म्हणून पुन्हा फ्रीजरमध्ये टाकू नका.

कच्चे आणि खाण्याचे वेगळे

कोशिंबीर, लिंबू, कोथिंबीर आधी चिरून झाकून ठेवा आणि मगच चिकनला हात लावा. हा क्रम पाळला तरी अर्धे काम होते, खर्च काहीच नाही. चिकननंतर विळी, परात, ओटा आणि हात साबणाने धुवा. हात वीस सेकंद तरी चोळा. फडके वेगळे ठेवा आणि उकळून घ्या. पुड्यातले चिकन धुवायची गरज नसते. नळाच्या धारेखाली धुतले की शिंतोडे आजूबाजूच्या भांड्यांवर उडतात. दुकानातले ताजे चिकन धुतल्याशिवाय चैन पडत नसेल, तर पातेल्यातल्या पाण्यात हळू बुडवून काढा.

फ्रीज नसेल, वीज गेली, रात्रपाळी असेल तर

फ्रीज नसेल तर फ्रोझन पुडा घेऊच नका, ऑफर कितीही मोठी असो. जेवणापुरते ताजे चिकन कापून घ्या, थेट घरी या आणि तासाभरात चुलीवर चढवा. वीज गेली तर फ्रीज उघडू नका, बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो.

ताजे चिकन जास्त आणले असेल तर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या करा, हाताने दाबून चपट्या करा आणि मग फ्रीजरमध्ये ठेवा. चपटी पिशवी गोळ्यापेक्षा फार लवकर सुटते. मॉलमधून घेताना पुडा सगळ्यात शेवटी उचला. तळाशी लाल बर्फ साचलेला दिसला, तर तो पुडा मधे एकदा विरघळला असण्याची शक्यता आहे, तो ठेवून द्या.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून रात्रपाळी करून येणाऱ्यांसाठी रस्सा झाकून ओट्यावर ठेवायची आपली सवय आहे. तो छोट्या डब्यात काढा, निवला की फ्रीजमध्ये ठेवा आणि खाताना पुन्हा खळखळून उकळा. कार्यक्रमाच्या मोठ्या पातेल्यातला रस्सा तर तासन् तास कोमट राहतो. तो दुसऱ्या दिवशी वाटू नका.

जुलाब लागले तर

ओआरएस लगेच सुरू करा. आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मूल अंगावर पीत असेल तर दूध चालूच ठेवा. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे 14 दिवस द्या, जुलाब थांबले तरी.

शौचात रक्त, थांबत नसलेल्या उलट्या, खोल गेलेले डोळे, लघवी बंद, खूप ताप किंवा मूल गळून गेले असेल, तर घरगुती उपाय थांबवा. 108 ला फोन करा किंवा जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. भाचीच्या वेळी आम्ही “सकाळी बघू” म्हणून चार तास घालवले होते. ते घालवायला नको होते.

ओट्याजवळ लावून ठेवा

• पुडा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या फळीवर, भांड्यात.
• विसरलात तर बंद पिशवी थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाला पाणी बदल.
• ओट्यावर, उन्हात, गरम पाण्यात कधीच नाही.
• कोशिंबीर आधी, चिकन नंतर. मग विळी आणि हात साबणाने.
• हाडापर्यंत शिजवा. उरलेले दोन तासांत फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात एका तासात.