कराराची भाषा आणि पोटकंत्राटदाराची जोखीम

ललित लेखनातील संदिग्धता अर्थसमृद्धीचे कारण ठरू शकते. करारपत्रातील संदिग्धतेची किंमत मात्र कोणाला तरी रोख मोजावी लागते. ती बहुधा कोण मोजतो, हे बांधकामातील पोटकंत्राटाच्या उदाहरणावरून पाहू.

समजा, रत्नागिरीतील एका कंत्राटदाराने पावस येथे घर बांधण्याचे काम घेतले आणि जांभ्याच्या चिऱ्यांचे बांधकाम पावसमधील एका गवंड्याकडे सोपवले. गवंड्याचा करार मुख्य कंत्राटदाराशी आहे, घरमालकाशी नाही. चिरे त्याने उधारीवर आणले आहेत. मजुरी मात्र दर आठवड्याला चुकवावी लागते. आता करारातील पुढील वाक्ये तपासा.

१. ‘मालकाकडून रक्कम मिळाल्यावर देयक अदा केले जाईल.’
‘मिळाल्यावर’ हे रूप वरकरणी काळ दर्शवते. परंतु मालकाने रक्कम दिलीच नाही, तर तेच रूप ‘मिळाली तरच’ अशा अटीच्या अर्थाने पुढे केले जाते आणि मालकाच्या थकबाकीचा भार गवंड्यावर येतो. त्याऐवजी असे लिहावे : ‘मालकाकडून रक्कम मिळो वा न मिळो, देयक सादर झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मुख्य कंत्राटदार ते अदा करील.’

२. ‘काम समाधानकारक असल्याचे प्रमाणित झाल्यावर राखून ठेवलेली रक्कम परत केली जाईल.’
या रचनेत कर्ता लुप्त आहे. कोण प्रमाणित करणार? किती दिवसांत? कर्ता आणि मुदत यांचा उल्लेख नसेल, तर ती रक्कम अडकून पडते.

३. ‘दर प्रति ब्रास राहील.’
घनफळाच्या मापात ब्रास म्हणजे १०० घनफूट, क्षेत्रफळाच्या मापात १०० चौरस फूट. कोणते माप अभिप्रेत आहे आणि दारे-खिडक्यांची वजावट होणार का, हे स्पष्ट हवे.

४. ‘पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण करावे, अन्यथा दंड आकारला जाईल.’
‘पावसाळ्यापूर्वी’ ही तारीख नव्हे. निश्चित दिनांक लिहावा. जागा उशिरा ताब्यात मिळाल्यास मुदत वाढेल, हेही नमूद करावे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते.

तोंडी करार सर्वसाधारणपणे अवैध नसतो. अडचण पुराव्याची असते. ‘एवढी भिंत वाढवून द्या’ ही सूचना मिळताच तिचा दिनांक, मोजमाप व दर लिहून त्यावर सही घ्यावी. वाद लवादाकडे न्यायचा असेल, तर १९९६ च्या लवादविषयक कायद्यानुसार तसा करार लेखीच लागतो. पैसे देण्याची मुदत ठरलेली नसल्यास केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा, मुदतीचा कायदा, १९६३ नुसार, काम केल्यापासून ३ वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. ही मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने देणे लेखी मान्य करून सही केली, तर तेव्हापासून मुदत नव्याने मोजली जाते. ‘बघू, देऊ’ या तोंडी आश्वासनाने ती वाढत नाही.

सारांश, करारातील प्रत्येक क्रियापदाला तीन प्रश्न विचारावेत : कोण, किती आणि कधीपर्यंत? उत्तर लिहिलेले नसेल, तर ती जोखीम बहुधा साखळीतील शेवटच्या माणसाची ठरते.

स्वयंअध्ययन : ‘आवश्यक ती दुरुस्ती विनामूल्य करून दिली जाईल’ या वाक्यातील संदिग्धता स्पष्ट करा व ते निःसंदिग्धपणे पुन्हा लिहा.