बदली आणि बिऱ्हाड



सरकारी नोकराच्या बदलीचा हुकूम चार ओळींचा असतो. त्याच्यामागून जें घर हलतें तें मात्र चार ओळींत मावत नाहीं. भांडींकुंडीं, गाद्या, देवघर, गॅसची जोडणी, मुलांचे शाळेचे दाखले, वाण्याची उधारी, अशी ती यादी लांबतच जाते. या सर्वांपैकीं सरकार कशाचा भार उचलतें आणि कशाचा उचलीत नाहीं, हें आज एका लहानशा बदलीच्या आधारें पाहूं.

शिरूरच्या टपाल कचेरींत एक कारकून आहे व त्याची बदली दौंडला झाली, अशी कल्पना करा. टपाल खातें केंद्र सरकारचें, म्हणून त्याला केंद्राचे नियम लागू. शिरूर घोडनदीच्या कांठीं, दौंड भीमेच्या. दोन्ही पुणें जिल्ह्यांतलीं तालुक्याचीं ठाणीं. नकाशावर तीं शेजारीं शेजारीं दिसतात खरीं. पण शिरूरला आगगाडी नाहीं, आणि अंतर सरळ रेषेनें मोजलें तरी चाळीस किलोमीटरांहून अधिक भरतें. ‘रोज जाऊन येऊन करीन’ असें पहिल्या आठवड्यांत सारेच म्हणतात. पावसाळा लागला कीं बिऱ्हाड हलविण्याची भाषा सुरू होते.

प्रवासभत्त्याचे केंद्राचे मूळ नियम १ जानेवारी १९२२ पासून अमलांत आले. त्यांतील रकमा अनेक वेळां बदलल्या, सांगाडा मात्र पुष्कळसा तोच राहिला. सातव्या वेतन आयोगानंतर १३ जुलै २०१७ रोजीं जो आदेश निघाला, त्यानें बदलीचें एकत्रित अनुदान मूळ वेतनाच्या ८० टक्के ठरविलें. नवें ठाणें जुन्यापासून २० किलोमीटर किंवा अधिक दूर असेल तर हें पूर्ण मिळतें. अंतर त्याहून कमी असेल, किंवा बदली त्याच शहरांत असेल, तर तिसरा हिस्सा. तोही घर खरोखरच बदललें असेल तरच. आपल्या कारकुनाचें मूळ वेतन ३५,३०० रुपये धरा. त्याचें अनुदान होतें २८,२४० रुपये.

सामानाचा हिशेब निराळा. चौथ्या वेतनस्तरापर्यंतच्या नोकराला १,५०० किलोपर्यंत सामान नेण्याचा हक्क आहे, व रस्त्यानें नेल्यास २०१७ च्या आदेशाप्रमाणें दर किलोमीटरला १५ रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनीं वाढला कीं हा दर २५ टक्क्यांनीं चढावा, अशी तरतूद त्यांतच आहे; आणि जानेवारी २०२४ पासून तो भत्ता ५० टक्क्यांवर पोंचला. आतां गणित करून पाहा. अंतर पन्नास किलोमीटर धरलें तर मूळ दरानें ७५० रुपये, चढत्या दरानें ९३७ रुपये ५० पैसे! एवढ्यांत कोणता टेंपोवाला कपाट, पलंग आणि शीतकपाट चढवून उतरवून देईल? पावतीशिवाय तेवढेही मिळत नाहींत तें वेगळेंच. हमालांची मजुरी, सामानाची बांधाबांध, गाडीची खोटी हीं पन्नास किलोमीटरांना काय आणि पांचशें किलोमीटरांना काय, सारखींच लागतात. किलोमीटरवार दर लांबच्या बदलीला मानवतो. जवळच्या बदलींत तो अगदींच तोकडा पडतो. शिरूर-दौंडसारख्या बदलींत घर हलतें तें खरोखर त्या २८,२४० रुपयांवर.

म्हणूनच हुकुमांतले दोन शब्द डोळ्यांत तेल घालून वाचले पाहिजेत. बदली ‘सार्वजनिक हितार्थ’ असेल तर हें सर्व मिळतें. ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असेल तर मिळत नाहीं. अनुदान नाहीं, सामानाचा खर्च नाहीं, भाडें नाहीं, आणि नव्या जागीं रुजू होण्यासाठीं १,००० किलोमीटरपर्यंतच्या बदलीस जी दहा दिवसांची सवड एरवीं मिळते तीही नाहीं. (ती सवड पुरी वापरली नाहीं तर उरलेले दिवस अर्जित रजेच्या खातीं जमा होतात, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें.) पुष्कळदां घडतें तें असें: दौंडला जागा रिकामी असते, माणूस पाठवायचाच असतो, आणि वरचा अधिकारी आपुलकीनें सुचवितो, “एक अर्ज लिहून द्या, काम लवकर होईल.” कारकून अर्ज लिहितो. घरीं हुकूम वाचून दाखवितांना गृहिणी विचारते, “मग टेंपोचे पैसे कोण देणार?” खास कारणें लेखीं नोंदवून विनंतीची बदलीही सार्वजनिक हिताची मानण्याचा अधिकार बदली करणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. पण तें हुकुमांतच उतरवून घ्यावें; मागाहून कारणें सांपडणें कठीण.

आतां मुलांच्या शाळेचा प्रश्न. कुटुंब नोकराच्या आधीं एक महिन्यापर्यंत गेलें किंवा मागाहून सहा महिन्यांच्या आंत आलें, तरी तें त्याच्याबरोबरच आलें असें नियम धरतो. शिरूरला आगगाडी नसल्यामुळें या स्तराच्या नोकराच्या कुटुंबाला साध्या किंवा आरामबसचें भाडें मिळतें. सहा महिने पुरेसे वाटतात. पण हुकूम ऑगस्टांत आला आणि मुलगी दहावींत असेल, तर ही मुदत फेब्रुवारींत सरते व शालांत परीक्षा चालते मार्चापर्यंत. अशा वेळीं विशेष परिस्थिति दाखवून मुदत वाढवून मागतां येते. ती मागणी मुदत संपण्यापूर्वींच करावी.

याच दोन गांवांतील तहसील कचेऱ्यांत काम करणारे लोक राज्य शासनाचे. त्यांचे भत्ते राज्याच्या नियमांनीं ठरतात. परंतु शाळेच्या बाबतींत राज्यानें एक शहाणपणाचें काम केलें आहे. बदल्यांचा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें सर्वसाधारण बदल्या वर्षांतून एकदां, एप्रिल किंवा मे महिन्यांत व्हाव्यात. अवेळीं करावयाची तर अपवादाचीं कारणें लेखीं द्यावीं लागतात. माझ्या मतें हें एक कलम कित्येक भत्त्यांहून घरास अधिक उपयोगी आहे.

पतिपत्नी दोघेंही केंद्राच्या नोकरींत असून एकाच गांवाहून एकाच गांवीं गेलीं तर? दोन्ही बदल्या साठ दिवसांच्या आंत झाल्यास मागाहून बदललेल्यास अनुदान नाहीं. साठ दिवसांनंतर पण सहा महिन्यांच्या आंत झाल्यास निम्में. बिऱ्हाड एकच, हा त्यांतला विचार.

राहिलें बिल. १३ मार्च २०१८ च्या आदेशापूर्वीं त्यासाठीं एक वर्षाची मुदत असे. आतां प्रवास पुरा झाल्यापासून साठ दिवस. निवृत्तीनंतर गांवीं परतणाऱ्यास मात्र २०२१ पासून एकशें ऐशीं दिवस मिळतात. टेंपोवाल्याची पावती सामान उतरण्यापूर्वींच मागून घ्या. तिच्यावर तारीख, गाडीचा क्रमांक आणि ‘शिरूर ते दौंड’ हीं अक्षरें आहेत कीं नाहींत, तें तेथल्या तेथें पाहा.