अब्राहामाचा विश्वास आणि त्यातून घेतला जाणारा बोध : परंपरानिष्ठ ख्रिस्ती शास्त्रवाचनाचे स्वरूप

प्रस्तावना

धर्मग्रंथ वाचणाऱ्या श्रद्धावंतापुढे नेहमी दोन प्रश्न उभे असतात. हे वचन मूळ श्रोत्यांना काय सांगत होते, हा पहिला; आणि ते आज मला काय सांगते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर न शोधता दुसऱ्याकडे धाव घेतली, तर ग्रंथाच्या नावाखाली वाचक स्वतःचेच मत ऐकत राहतो. पहिल्यापाशीच थांबले, तर धर्मग्रंथ केवळ पुराणवस्तू ठरतो. पवित्र शास्त्र हे ईश्वरप्रेरित व अंतिम प्रमाण मानणाऱ्या परंपरानिष्ठ प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाने या दोन प्रश्नांमधील वाट कशी आखली आहे, हे अब्राहामाच्या कथेच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) परंपरानिष्ठ शास्त्रवाचनाची मूलभूत गृहीतके समजून घेणे.
२) अब्राहामाच्या कथेतून विश्वासविषयक बोध कसा काढला जातो, याचे विवेचन करणे.
३) चुकीच्या बोधाचे श्रद्धावंताच्या जीवनावर होणारे परिणाम लक्षात घेणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. उत्पत्ति १२ ते २२ हे अध्याय आणि नव्या करारातील रोमकरांस पत्र, इब्री लोकांस पत्र व याकोबाचे पत्र ही प्रमुख साधने होत.

शास्त्रवाचनाची गृहीतके

या परंपरेचे पहिले गृहीतक असे, की जुन्या करारातील कथा नंतरच्या वाचकांच्या शिक्षणासाठीही लिहिल्या गेल्या आहेत. पौलाने रोमकरांस पत्राच्या चौथ्या व पंधराव्या अध्यायांत ही भूमिका स्पष्टपणे मांडली आहे. दुसरे गृहीतक, शास्त्राचा अर्थ शास्त्रानेच लावावा; दुर्बोध वचन सुबोध वचनांच्या प्रकाशात वाचावे. सतराव्या शतकातील वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत हे तत्त्व नोंदलेले आहे. तिसरे गृहीतक व्याकरण व इतिहास यांना धरून अर्थ लावण्याचे. १९७८ च्या शिकागो निवेदनाने शास्त्राच्या निर्दोषत्वाचा पुरस्कार करतानाच साहित्यप्रकार ध्यानात घेण्याचा आग्रह धरला. त्यामुळे ‘परंपरानिष्ठ’ म्हणजे ‘शब्दशः वाचणारा’ हे समीकरण अपुरे ठरते. कथा ही कथा म्हणून, काव्य हे काव्य म्हणून वाचावे, हे या परंपरेलाही मान्य आहे.

कथेतील वर्णन आणि आज्ञा

अब्राम पंच्याहत्तर वर्षांचा असताना हारान सोडतो. दुष्काळात मिसरात गेल्यावर पत्नीला बहीण म्हणवून तो स्वतःचा जीव वाचवतो. पुढे गरार येथेही तेच करतो. संततीचे वचन लांबल्यावर सारायच्या सूचनेवरून तो तिची दासी हागार हिचा स्वीकार करतो. इश्माएल जन्मतो तेव्हा तो शहाऐंशी वर्षांचा असतो; इसहाकाच्या जन्माच्या वेळी शंभर वर्षांचा. वचन आणि पूर्ती यांमध्ये पंचवीस वर्षांचे अंतर आहे.

या घटना सांगताना कथाकार प्रत्येक वेळी निवाडा देत नाही. म्हणूनच अर्थ लावताना पहिला नियम पाळावा लागतो : शास्त्रात जे घडल्याचे सांगितले आहे, ते सर्व करण्याजोगे आहे असे नव्हे. अब्राहामाने असत्य बोलणे हे अनुकरणीय नाही, आणि हागारेची व्यथा ही त्याच्या श्रद्धेची शोभा नाही. कथेचा कर्ता अब्राहाम नसून वचन देणारा देव आहे, अशी या परंपरेची धारणा असल्याने नायकाचे दोष झाकण्याची तिला गरज वाटत नाही.

पौल आणि याकोब

उत्पत्ति १५.६ मध्ये अब्रामाने देवावर विश्वास ठेवला व देवाने ते त्याच्याकडे नीतिमत्त्व म्हणून गणले, असा आशय आहे. येथील मूळ इब्री क्रियापद स्थिर, भरवशाचे असणे या अर्थाच्या धातूपासून आले आहे; ‘आमेन’ हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे येथे विश्वास हा मताचा स्वीकार एवढाच नसून कोणावर तरी भार टाकणे आहे. पौल या वचनाचा कालक्रम पाहतो : सुंतेची आज्ञा सतराव्या अध्यायात येते, गणना पंधराव्यात. म्हणून नीतिमत्त्व हे धर्मविधीचे फळ नव्हे, असा त्याचा युक्तिवाद आहे.

याकोब मात्र तेच वचन उद्धृत करून बाविसाव्या अध्यायातील इसहाकाच्या अर्पणाकडे बोट दाखवतो आणि कृतींवाचून विश्वास निर्जीव आहे, असे बजावतो. मार्टिन ल्यूथरला हा विरोध इतका जाणवला, की १५२२ च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवताची उपमा दिली. पुढील परंपरानिष्ठ भाष्यकारांनी, विशेषतः कॅल्व्हिनने, वेगळी वाट धरली. पौल देवासमोर मान्य होण्याचा आधार सांगतो. याकोब खरा विश्वास कशावरून ओळखावा ते सांगतो. दोघांचे प्रतिपक्ष निराळे आहेत. एकाच वचनातून दोन बोध निघतात ते परस्परविरोधामुळे नव्हे, तर प्रश्न भिन्न असल्यामुळे, असे या मांडणीचे सार आहे.

मोरियाचा प्रसंग

पुत्राच्या अर्पणाची कथा हे या वाचनपद्धतीचे सर्वांत कठीण स्थळ. सोरेन किर्केगॉर याने १८४३ मध्ये या प्रसंगावर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्यातील नैतिक पेच उघड केला. परंपरानिष्ठ वाचक तीन गोष्टींकडे लक्ष वेधतो. कथेच्या आरंभीच ही परीक्षा असल्याचे वाचकाला सांगितले आहे. अर्पण प्रत्यक्षात थांबवले जाते. आणि अपत्यबलीचा लेवीय व अनुवाद या ग्रंथांत स्पष्ट निषेध आहे. त्यामुळे ‘देवाने मला आतून सांगितले’ असे म्हणून कोणी हिंसेचे समर्थन करू शकत नाही. पित्याने पुत्र राखून न ठेवणे आणि त्याच्या जागी एडक्याचे अर्पण होणे यांत ख्रिस्ताचे पूर्वचित्र पाहिले जाते. यात शास्त्रातीलच दोन घटना जोडल्या जातात. काष्ठ, अग्नी व सुरी यांना प्रत्येकी गूढार्थ चिकटवणारे रूपक त्याहून वेगळे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. पौलाने स्वतः गलतीकरांस पत्रात हागार व सारा यांचे रूपक केले आहे. प्रेषिताला तो अधिकार होता, सामान्य उपदेशकाला नाही, हे परंपरेचे नेहमीचे उत्तर. परंतु ते आधीपासून प्रेषिताचा अधिकार मानणाऱ्यालाच पटणारे आहे.

एका शब्दाचा फरक

बोध किती नाजूक धाग्यावर उभा असतो, याचे उदाहरण रोमकरांस पत्र ४.१९ मध्ये मिळते. १६११ च्या इंग्रजी राजमान्य भाषांतरात अब्राहामाने आपल्या निर्जीव झालेल्या शरीराकडे लक्ष दिले नाही, असा अर्थ आहे. अधिक प्राचीन हस्तलिखितांत मात्र तो नकार नाही. त्याने शरीराची अवस्था नीट पाहिली आणि तरीही तो विश्वासात दुर्बळ झाला नाही, असा अर्थ निघतो. आजची बहुतेक भाषांतरे याच पाठाला अनुसरतात.

हा फरक केवळ पंडितांच्या वादाचा नाही. पहिल्या पाठावरून आजाऱ्याला असा उपदेश करता येतो, की रोगाकडे पाहणे म्हणजेच अविश्वास. मग औषध नाकारले जाते आणि मूल दगावल्यास आईच्या विश्वासालाच दोष दिला जातो. दुसऱ्या पाठानुसार वस्तुस्थिती डोळे उघडून पाहणे हाच विश्वासाचा भाग ठरतो. उत्पत्ति १७ मध्ये वचन ऐकून अब्राहाम हसला, हेही येथे स्मरणीय आहे. शंका कधीच न येणे ही विश्वासाची अट नव्हती.

मराठी संदर्भ

पाठ व भाषांतर यांचे हे महत्त्व मराठीत पंडिता रमाबाईंनी ओळखले होते. इब्री व ग्रीक भाषा शिकून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलचे भाषांतर सिद्ध केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. अल्पशिक्षित स्त्रियांनाही शास्त्र स्वतः वाचता यावे, ही त्यामागील प्रेरणा होती. विश्वासाचा बोध दुसऱ्याच्या तोंडून उसना घेण्याऐवजी वचनाशी ताडून पाहण्याचे साधन त्यांनी सामान्य वाचकाच्या हाती दिले.

निष्कर्ष

१) परंपरानिष्ठ शास्त्रवाचनात बोध काढण्याला संदर्भ, साहित्यप्रकार व संपूर्ण शास्त्राची साक्ष यांचे बंधन आहे.
२) वर्णन व आज्ञा यांतील भेद न पाळल्यास नायकाचे दोषही आदर्श ठरण्याचा धोका संभवतो.
३) अब्राहामाच्या कथेतील विश्वास म्हणजे यशाची हमी किंवा वास्तवाचा नकार नसून, वास्तव पाहूनही वचनदात्यावर टेकणे होय.
४) ही पद्धती शास्त्राचे प्रामाण्य गृहीत धरते, ते सिद्ध करत नाही, ही तिची मर्यादा होय. तथापि त्या गृहीतकाच्या चौकटीतही उपदेशकाला उत्तरदायी धरण्याची सोय आहे. ज्या वचनाच्या आधारे तो बोलतो, तेच वचन उघडून श्रोता त्याला प्रश्न विचारू शकतो.