झोन, लेव्ही आणि स्वतंत्र भारत पक्ष



गट ऑफिसात ऊसनोंदीच्या वेळी तरुण सभासद विचारतात, "साहेब, पूर्वी म्हणे ऊस दुसऱ्या कारखान्याला देताच येत नव्हता?" खरे आहे. आणि ही बंदी उठावी म्हणून जे भांडले त्यांचा एक छोटा पक्षही होता. हे पत्रक कोणाच्या प्रचाराचे नाही. पण विषय आपल्या उसाचा आहे म्हणून लिहितो.

शरद जोशी टपाल खात्यातले मोठे अधिकारी. पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथील जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली. १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाचे आंदोलन झाले, त्यात उसाला टनाला ३०० रुपये ही मागणी होती. त्या काळी संघटना निवडणुकीपासून लांब राहत असे. १९९४ मध्ये मात्र जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. नाव घेतले ते राजाजींच्या १९५९ च्या स्वतंत्र पक्षाची आठवण ठेवून.

पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे : शेतमालावरची सरकारी बंधने काढा, शेतकऱ्याला बाजार आणि तंत्रज्ञान खुले करा. डंकेल प्रस्तावाला इतर शेतकरी पुढारी विरोध करीत होते, तेव्हा जोशी बाजूने बोलत होते.

उसापुरते बघू. लेव्ही म्हणजे कारखान्याच्या साखरेतला ठराविक वाटा सरकारने कमी भावाने घ्यायचा. एके काळी हा वाटा ६५ टक्के होता. आपल्या भागातली कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईला गेली. घाटकोपरच्या चाळीत त्यांना रेशनवर स्वस्त साखर मिळे. तिची तूट उसाच्या बिलात निघे, म्हणजे गावाकडच्या भावाच्या खिशातून. शेवटी वाटा १० टक्क्यांवर आला आणि २०१३ मध्ये लेव्ही गेली. झोनबंदी त्याआधीच, १९९७ मध्ये उठली.

याचे श्रेय एकट्या पक्षाला देता येणार नाही. मतपेटीत त्याची ताकद थोडी. २००४ मध्ये राजुऱ्यातून वामनराव चटप आमदार झाले, त्याच वर्षी जोशी राज्यसभेवर गेले. तिथे २०१० मध्ये महिला आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध पडलेले एकमेव मत त्यांचे होते! १९८६ ला चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवणारा हाच माणूस. २०१५ मध्ये ते वारले.

शेतकी खात्यातला माणूस म्हणून माझे मत सांगतो. झोनमध्ये सभासद बांधलेला होता, तसा कारखानाही बांधलेला होता. आपल्या हद्दीतला ऊस गाळण्याची जबाबदारी त्याच्यावर होती. आता ऊस कमी असला की चार कारखान्यांच्या टोळ्या तुमच्या बांधावर येतात, आणि जास्त झाला की मार्चअखेर तुम्ही आमच्या दारात तोडीची चिठ्ठी मागत उभे. शिवाय साखरेचा बाजार पडला की आपण सगळे सरकारने ठरवलेल्या एफआरपीकडेच बघतो. बाजार मोकळा हवा, पण पडत्या भावात आधारही हवा, ही गाठ पक्षाच्या विचारात मला सुटलेली दिसली नाही. आपल्याकडूनही सुटलेली नाही.

बंधन एका जागी अजून शिल्लक राहिले. दोन कारखान्यांत केंद्राने १५ किलोमीटरचे हवाई अंतर ठरवले, आपल्या राज्याने ते २५ केले. म्हणजे ऊस कुठेही द्या, पण शेजारी नवा कारखाना सहज निघत नाही. आपल्या कारखान्याला त्याची सावली मिळते. तुम्हाला दर किती मिळतो, हे शेजारच्या कारखान्याच्या बिलाशी आपले बिल लावून बघा आणि पुढच्या गट बैठकीला दोन्ही बिले घेऊन या.