मोळीची गोष्ट

तुम्ही आता वाचायला शिकलात. एसटीची पाटी वाचता, सोसायटीची पावती वाचता. आता आणखी एक काम करा. रात्री जेवणं उरकली, की पोरांना जवळ घेऊन एखादी गोष्ट वाचून दाखवा. "पोरांच्या गोष्टींनी काय होणार?" असे कोणी म्हणेल. काय होते, ते मी स्वतः पाहिले आहे. तेच सांगतो.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचे, म्हणजे पूर्वीच्या नगर जिल्ह्याचे, दोन भाग आहेत. उत्तरेकडे कालव्यांचे पाणी आहे, म्हणून तिथे ऊस होतो. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५० साली तिथेच, प्रवरानगरला निघाला. पाथर्डी, जामखेड, कर्जत हा दुसरा भाग. तिथे बरीचशी शेती पावसावर. पाऊस गेला, की घरात दाणा नाही. मग दिवाळीच्या सुमारास तिकडची माणसे कोयता घेऊन ऊस तोडायला निघतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातलीही येतात. पाच-सहा महिने ती रानात कोपी करून राहतात. मुलेही बरोबर असतात.

मी उसाच्या भागात एका गावी मास्तर होतो. एका हिवाळ्यात ऊसतोडीवाल्यांची एक मुलगी शाळेत आली. नऊ-दहा वर्षांची असेल. अंगावर मळका झगा, केसांत पाचटाची काडी. वर्गातली मुले तिच्याजवळ बसेनात. भांडण नको, म्हणून मी तिला दाराजवळ एकटीला बसवले. चूक माझीच होती. पुढे मनाला लागले, तेव्हा मी मुलांना समतेवर भाषण दिले. दोघांना छडीही मारली. मुले गप्प बसली, पण जागेवरून हलली नाहीत.

मग एके दिवशी मी 'श्यामची आई' हे पुस्तक वर्गात नेले. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात एक गोष्ट आहे. एका म्हाताऱ्या बाईची लाकडांची मोळी खाली पडते. तिला ती उचलून डोक्यावर घेता येत नाही. ती त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातीची, म्हणून कोणी हात लावीत नाही. श्यामची आई श्यामला म्हणते, जा, तिला मोळी उचलून दे. आणि परत येऊन आंघोळ कर, असेही सांगते. त्या काळची रूढी तिला पुरती सुटली नव्हती. पण म्हातारीचे ओझे तिला दिसले.

मी गोष्ट वाचली. उपदेश केला नाही. फक्त विचारले, "म्हातारीला तेव्हा काय वाटलं असेल?" कोणी म्हणाले, मान दुखत असेल. कोणी म्हणाले, लाज वाटली असेल. मग मागच्या रांगेतला एक मुलगा हळूच म्हणाला, "गुरुजी, हिची आईपण मोळी वाहते. उसाची. आमच्याच रानात."

वर्ग चिडीचूप झाला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने सरकून तिला जागा दिली. सगळी मुले बदलली असे नाही. पण मधल्या सुट्टीत ती आता एकटी नसे.

असे का झाले? आपल्यात म्हणतात, ज्याचं जळतं त्याला कळतं. दुसऱ्याचे जळणे आपल्याला कळत नाही. पण गोष्ट ऐकताना मूल घटकाभर त्या दुसऱ्याच्या जागी जाऊन बसते. छडीने मूल भिते. गोष्टीने त्याला दिसू लागते. आणि एकदा दिसले, की ते पुन्हा झाकता येत नाही.

ज्या साने गुरुजींनी ही गोष्ट लिहिली, त्यांनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केले. विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे, यासाठी ते होते. मंदिर खुले करण्याचे ठरले, तेव्हाच त्यांनी ते सोडले. आईने मोळीला हात लावायला शिकवले. लेकाने मंदिराचे दार उघडायला लावले.

एक मात्र सांभाळा. मूल नुसते "बिचारी!" म्हणाले, तर तिथे थांबू नका. ती कीव झाली. कीव करणारा दुरून बघतो. जाणणारा शेजारी येऊन बसतो.

ती मुलगी कारखाना बंद झाल्यावर टोळीबरोबर गेली. पुन्हा दिसली नाही. पहिले कित्येक दिवस मी तिला दाराशी बसवले, हे मी विसरलो नाही. तुम्ही मात्र आजच सुरुवात करा. वाचताना अडखळलात, तरी पोरे हसणार नाहीत. त्यांना पुढे काय झाले, ते हवे असते.

गोष्ट संपल्यावर मुलांना एवढे विचारा:

१. गोष्टीतल्या माणसाला काय वाटले असेल?
२. तू तिथे असतास, तर काय केले असतेस?
३. आपल्या गावात असे कोण आहे?

तिसरा प्रश्न स्वतःलाही विचारा.